मेणातला सातवा काप

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी दहा वाजता माझं जग उलटंपालटं झालं. आमच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आलेल्या फॉर्मवर वाचनालयवालीचं नाव! तीच, जिच्यापायी मी तीस पुस्तकं न वाचता घरी आणली नि परत केली. आधी ताप, मग धाप, आता ठोके चुकताहेत. हृदयवाल्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाचा कणीएवढा तुकडा काढून पाठवला. मीच तो मेणाच्या ठोकळ्यात बसवला, तीन काप काढून रंगवले. आमच्या प्रमुख मॅडमनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि म्हणाल्या, साधी सूज आहे, आरामाने उतरेल. पण ती तर रोज खालावतेय! मॅडमचा नियम तीनच कापांचा, कारण तुकडा संपला तर पुन्हा हृदयातूनच काढायचा. माझे हात मात्र पुढचे काप काढायला शिवशिवताहेत.

तुझा,
भडक्या

१५ मार्च

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद.

हसू की घाबरू? कॉलेज सोडताना सरांच्या तोंडावर असं दार आपटलंस की भिंतीवरचं घड्याळ पडलं. या वेळी तसलं काही नको, आधी मॅडमना विचार. आणि त्या मुलीला तू कोण हे तरी ठाऊक आहे का रे? हे म्हणतात, तिसांतलं एक तरी वाचायचं होतंस! जेवत जा.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं, तोवर मी पातं चालवलं होतं! चौथा, पाचवा, सहावा, काही नाही. तुकडा केसभर उरला. आणि सातव्यात दिसल्या! थोराड पेशी, एकेकीत दहा-दहा केंद्रकं, भोवतीचा स्नायू कुरतडलेला. मॅडम खवळल्या, चालता हो म्हणाल्या. मी म्हटलं, चालता होतो, पण आधी बघा. मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या त्या उठेचनात. मग तिथूनच हृदयवाल्या डॉक्टरांना फोन लावला: शरीराचीच फौज हृदयावर उलटलीय, लाखांत एखाद्याला होणारा आजार, औषधं आत्ताच सुरू करा, उद्यावर टाकलंत तर हृदयच बदलावं लागेल. मला म्हणाल्या, पुन्हा न विचारता ठोकळ्याला हात लावलास तर तुझेच काप काढीन!

ओरडत राहा, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
भडक्या

ता. क. पत्र टाकायला निघालो, तो आधी तिच्या खोलीत शिरलो. काय बोलायचं ते पाठ होतं. ती गाढ झोपलेली. औषधाचा तिसरा दिवस, मॉनिटरच्या पडद्यावर ठोके एका लयीत, शंभर मोजले, एकही चुकला नाही. एकतिसावं पुस्तक उशाशी ठेवलं. (वाचलंय, दाजींना सांग.) नर्सबाईंनी विचारलं, उठवू का? नको म्हटलं. बाहेर आलो आणि ताई, दार इतकं हळू लावलं की कडीसुद्धा वाजली नाही.