उज्जैनीला घर रिकामं हवं

८ जून १९९२

आलो एकदाचे! इंदूरच्या छत्रीबागेतल्या दोन खोल्यांमधून थेट देपालपूरजवळच्या तलावाकाठच्या बंगल्यात. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी नुसती नोकरी मागत होतो, तर मॅनेजरकीसोबत राहायला घरही मिळालं. कापड मिलला टाळं लागल्यापासून मी घरी बसून लोकांच्या लग्नपत्रिकांवर पत्ते घालत होतो. अक्षर वळणदार, तेवढंच भांडवल. मालक देवेंद्रजी म्हणाले, पीथमपूरला नव्या कंपन्या येताहेत, त्यांच्या साहेबलोकांना सुट्टीला गावाकडची हवा लागते. त्यांच्यासाठी हे गेस्ट हाउस. फक्त, भिया, गेस्ट नाराज होता कामा नये.

पोरगी क्षितिजा अकराची. आल्या आल्या विहिरीत डोकावून ओरडली आणि प्रतिध्वनी ऐकून खूश झाली. सुलोचनाने ओटा धुऊन घेतला. मी टाइम ऑफिसातली काचेची दौत नव्या टेबलावर मांडली. मिलची तेवढीच आठवण मी उचलून आणली आहे. शाई भरून घेतली.

१७ जून

पाहुण्यांसाठी माहितीपत्रक लिहितो आहे: ‘आसपास काय पाहाल’. पावसाळ्यात मांडू. अनंत चतुर्दशीला इंदूरला मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ (मिल बंद असली तरी कामगार वर्गणी काढून झांकी काढणारच, मी ओळखून आहे). दिवाळीच्या पाडव्याला गौतमपुऱ्याचं हिंगोट युद्ध, दारू भरलेली हिंगोट फळं पेटवून एकमेकांवर फेकतात, लांबून बघावं, धोतर जळतं. मला हे काम मनापासून आवडतं. मिलच्या सहलीही मीच काढायचो.

पावसाचा मात्र पत्ता नाही.

५ जुलै

अजून थेंब नाही. तलाव मध्यभागी भेगाळला आहे. आज गावचे गोपीनाथ पटेल स्वतः आले. पाऊस रुसला की गाव ‘उज्जैनी’ करतं, म्हणाले. सगळं गाव दिवसभर शिवाराबाहेर जाऊन स्वयंपाक करतं, जेवतं, संध्याकाळी परततं. आपलं घरही रिकामं करा. घर में कोई जीव नी रेना चइये साब, बिल्ली बी नी. का, म्हणून विचारलं. म्हणाले, सूखा, म्हणजे दुष्काळ, घर शोधत फिरतो. बसायला कुणी सापडलं नाही की निघून जातो.

मला हसू आलं, पण त्यांच्यासमोर हसलो नाही. ते गेल्यावर माहितीपत्रकात एक ओळ वाढवली: ‘उज्जैनी — शेतातली दाल-बाफल्यांची अस्सल मालवी सहल’. पीथमपूरचं एक कुटुंब येणारच आहे. त्यांना घेऊन जाईन.

९ जुलै

उज्जैनी झाली. पाहुणे बेहद्द खूश. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, म्हणजे बाफले, वर तुपाची धार. मीही पोट फुटेस्तोवर जेवलो.

क्षितिजाला सकाळपासून ताप होता. सुलोचना म्हणत होती, तिला पांघरुणात गुंडाळून बैलगाडीत घेऊ. मी म्हटलं, उन्हात ताप चढेल, पाहुण्यांचाही विरस होईल. पोरगी झोपलीच होती. उशाशी तांब्या ठेवला, बाहेरून कुलूप लावलं. वाटेत पटेलांनी विचारलं, घर खाली हे नी? मी हो म्हणालो.

परत आलो तर ताप उतरलेला. तांब्या रिकामा. माठही रिकामा. बाबा, अजून पाणी द्या, म्हणाली.

१० जुलै

पाऊस आला! सगळं गाव चिखलात नाचतं आहे.

आपल्या अंगणात नाही. मी फाटकाशी उभा राहून पाहिलं. कुंपणापलीकडे धो-धो, अलीकडे धूळ. हात बाहेर काढला, भिजला. आत घेतला, लगेच वाळला.

क्षितिजा सारखी पाणी पिते आहे.

१२ जुलै

तिच्या ओठांना भेगा पडल्या. हाताची कातडी ओढली की तशीच उभी राहते. देपालपूरहून डॉक्टर आले. सलाइनची बाटली लावली तशी रिकामी झाली. दुसरीही. हात काटकीसारखेच. त्यांनी इंदूरला न्यायला सांगितलं. जीपमध्ये घातलं, निघालो.

पाऊस जीपच्या पुढे पुढे दूर सरकत गेला. आम्ही जाऊ तिथला रस्ता कोरडा. नुकतं पेरलेलं सोयाबीन दोन्ही बाजूंनी माना टाकत होतं. पोरीला श्वास लागला, ओठांतून रक्त आलं. पुढे त्या शेतांचे लोक रस्त्यात आडवे उभे होते. कुणी शिवी दिली नाही. फक्त हटले नाहीत.

परत आलो. पाहुणे निघून गेले आहेत.

१३ जुलै

पटेल फाटकाबाहेर भिजत उभे होते. आत यायला तयार नाहीत. मी खरं सांगून टाकलं. पाया पडलो. ते रागावलेसुद्धा नाहीत, त्याचीच भीती वाटली.

म्हणाले, सूखा पोरीला धरून बसला आहे. आपणहून उठणार नाही. दुसरं कुणी तिच्या जागी राजीखुशीने बसलं आणि बाकी घर रिकामं झालं, तरच तिला सोडेल. मी विचारलं, आणि त्या दुसऱ्याचं? पटेल पागोटं सारखं करत राहिले.

विहीर आटली. क्षितिजा आता पाणी मागत नाही. नुसती बघते.

१४ जुलै

सुलोचनाला सांगितलं, तू तिला घेऊन हो पुढे, कुलूप लावून आलोच. हे माझं दुसरं खोटं.

क्षितिजाच्या गादीवर बसलो. तिचा हात हातात घेतला. मनात म्हटलं, माझी चूक आहे, मला घे. तिच्या तळव्याला घाम आला. देवा, घाम आला! माझी जीभ टाळूला चिकटली.

ती चालत गेली. फाटकाबाहेर पाऊस तिच्यावर पडला. तोंड वर करून पीत होती, हसत होती. मग सुलोचना वळली, माझ्या नावाने ओरडायला लागली. मी आतून कडी लावली.

१५ जुलै

आता घरात मी एकटा— एकटा नाही. खुर्चीत कुणी दिसत नाही, पण—

डोळे मिटले की पापण्या चिकटतात.

१६

फाटकाशी क्षितिजा. भिजून उभी. तिला आत येऊ देऊ नका. डोकं पुसा तिचं, सर्दी—

बादली विहिरीत टाकली. धूळ घेऊन आली.

१७ किंवा

थुंकी नाही. रडलो, पाणी आलं नाही—

पाऊस ऐकू येतो. सगळीकडे, सगळीकडे—

क्षितिजा, मी तुला कुलूप लावून— तसं नव्हतं गं, मी—

दौतीत तळाशी शाई आहे. अजून दोन-चार ओळी होतील. तुला सांगायचं होतं की—

ओली आहे. जिभेला लावून पाहिली.

शाई ओली