ओटीतली पाकिटं

आई, आज पुन्हा एक मुलगी माझ्यावर चिडून निघून गेली. नवं लग्न झालेलं, हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीबाहेर माझं टेबल असतं. येणाऱ्याशी आधी बोलायचं, समजवायचं, हे माझं काम. तिला म्हटलं, दोघंही एकदा एचआयव्हीची तपासणी करून घ्या, तोवर निरोध वापरा. ती ताडकन उठली. "मॅडम, माहा नवरा तसा नाही." इतकी वर्षं मी तेच ते बोलत आले आहे. सुई नवीच घ्या, रक्त चढवायचं तर तपासलेलं, दिवस गेले असतील तर लवकर तपासा म्हणजे बाळाला वाचवता येतं. जीभ आपोआप चालते, मन भलतीकडेच असतं. कंटाळा आला आहे गं, खरं सांगते. पण तिचं ते वाक्य मी ओळखलं. ते माझंच वाक्य होतं. तुझ्या स्वयंपाकघरात मी तुला ते ऐकवलं होतं.

तुझी नोकरी मला लहानपणापासून आवडायची नाही. बाबांचा माग बंद पडला आणि तू कुटुंब नियोजनाच्या कामाला लागलीस. खांद्याला लाल त्रिकोणाची पिशवी अडकवून विणकरांच्या वस्तीत दारोदार फिरायचीस. काही घरी चहा मिळायचा, काही घरी तोंडावर दार लागायचं. तू वाटलेले निरोध गल्लीतली पोट्टी फुग्यासारखे फुगवायची आणि मी शाळेतून आले की माझ्या मागं नाचवायची. मी रडत घरात शिरायची. तू पोळ्या लाटता लाटता म्हणायचीस, "फुगवू दे वं. फुगेच भरून राहिले ना, घर तर नाही भरून राहिलं लेकरांनी." आणि स्वतःच हसायचीस. मला हसू यायचं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा माझं लग्न झालं. नवरा लकडगंजातल्या एका ट्रान्सपोर्टचा ट्रक चालवायचा. लाकूड घेऊन रायपूरकडे, कधी त्याच्याही पुढं. महिना महिना घरी नसायचा. माणूस शांत, हात उगारणारा नाही. त्याच सुमारास तुम्हा कुटुंब नियोजनाच्या बायकांना एका डॉक्टरांनी त्या नव्या रोगाबद्दल सांगितलं होतं. आमच्यासारख्यांना तो मुंबईकडचा, परदेशातला कुठला तरी रोग वाटायचा. पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले, निघताना तू माझी ओटी भरलीस. सासरी पोचले तर सासूबाईंनी सूप पुढं धरलं, मी पदर सोडला. तांदूळ पडले, हळकुंड पडलं, नारळ पडला, आणि त्यामागून निरोधची पाकिटं. लेकीची कूस भरावी म्हणून ओटी भरतात, आई. तू त्यात हे घातलंस. सासूबाई सुपाकडे बघत म्हणाल्या, "काहून वं, तुह्या मायले नातू नाही पाह्यजे का? मंग ओटी तरी कायले भरते?" आणि पाकिटं उचलून त्यांनी केराच्या टोपलीत टाकली.

दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या दारात. अजून दिसतं मला. तू विळीवर वांगी चिरते आहेस, मी चप्पलही न काढता उंबऱ्यावर उभी आहे. "माहा नवरा तसा नाही," मी ओरडते आहे. "तुही नोकरी माह्या ओटीत नको घालत जाऊ." तू मान वर करतेस. "तसा म्हणजे कसा वं? मी त्याले वाईट म्हणून राहिली का? महिना महिना बाहेर राहते तो. हा रोग तोंडावर दिसत नाही, वर्षं वर्षं दिसत नाही. त्याले म्हण, एकदा रक्त तपासून घे. चांगलं निघालं तर मीच येऊन पुन्हा ओटी भरीन तुही." मी म्हटलं, "फेकून देल्लं मी सारं. पुन्हा असं केलं तर येणार नाही." तू एवढंच म्हणालीस, "बरं." आणि पुन्हा वांगी चिरायला लागलीस.

तुला माहीत नसलेलं पुढचं सांगते. नवरा गाडी घेऊन परतला तेव्हा मी त्याला विचारलं. आई असं असं म्हणते, म्हटलं. तो आधी हसला. मग खाटेच्या कडेवर बसला, जमिनीकडे बघत म्हणाला, "तुह्या आईले कोणं सांगतलं?" तेवढ्यावरून मला सगळं कळलं. तो रडला. मी रडले नाही, मला नुसती दमल्यासारखी झोप येत होती. त्या दिवसापासून आम्ही निरोधशिवाय जवळ आलो नाही. तपासणीला जायचं धाडस व्हायला त्याला कितीतरी महिने लागले. रक्त बाहेरगावी गेलं, उत्तर यायला आणखी दिवस गेले. त्याच्या रक्तात होतं. माझ्यात नव्हतं. काही महिन्यांनी मी पुन्हा तपासलं, तेव्हाही नव्हतं. त्यानं मला शपथ घातली, कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. आज गोळ्या आहेत, रोज घेतल्या की माणूस संसार करतो, नातवंडं बघतो. तेव्हा तसं काही नव्हतं. तू गेल्यावर काही वर्षांनी तोही गेला. लोकांना आम्ही टीबी सांगितला.

मला मूल होत नाही म्हणून तू नवस बोलली होतीस, हे तू गेल्यावर मावशीनं सांगितलं. तू, आणि नवस! बाकीच्यांना पुरे म्हणत आयुष्यभर फिरलीस, आणि माझ्यासाठी देवापुढं उभी राहिलीस. ते ऐकून मात्र मी खूप रडले.

त्या भांडणानंतर तू कितीदा माझी ओटी भरलीस. दर वेळी परतताना मी रिक्षातच पदरातल्या तांदळात बोटं घालून चाचपायची. नुसते तांदूळ. तू तुझा शब्द पाळत होतीस. दुकानात पाकिटं मागायला माझं तोंड उघडायचं नाही, तुझी मुलगी असून. नवरा कुठून तरी आणायचा, नाही मिळाली की आम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायचो.

ती मुलगी उद्या परत येईल का, ठाऊक नाही. हा कागदही कुठं जायचा नाही, माझ्या टेबलाच्या खणातच राहील. पण तुझ्याशी खोटं बोलले होते, तेवढं आज लिहून ठेवते. सासूबाईंची पाठ फिरल्यावर मी केरातून ती पाकिटं उचलून माझ्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवली होती. फेकली नव्हती, आई. संपली होती.