आज ठोंब्या गप्प होता

प्रिय भिंगरी,

आज ठोंब्या भुंकला नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण घरी आल्यापासून ते माझ्या पोटात राहत नाहीये. सकाळी मी कारखान्यात गेलो, दिवसभर सोफ्यांना कापड चढवलं, उन्हं उतरल्यावर परत आलो, आणि एवढ्या वेळात आपल्या घरातून साधं गुरगुरणंसुद्धा बाहेर आलं नाही. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर समजून घे. आनंदाच्या घाईत लिहितोय. नाहीतर गावच्या शाळेत गुरुजींनी अक्षरासाठी माझे कान इतके पिळलेत की झोपेतही माझी वेलांटी चुकायची नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी मला सगळी वाक्यं पुरी करायची आहेत.

मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, डोंगरावरच्या त्या हवामान केंद्रात तुला कायम करायचं म्हणतायत, पण तू नाही म्हणून कळवणार आणि घरी परत येणार. कारण काय, तर ठोंब्या. घरमालकानं बजावलंय ना, महिनाअखेरपर्यंत भुंकणं थांबलं नाही तर कुत्र्याची सोय दुसरीकडे लावा, म्हणून. मी त्यावर नुसतं 'बरं, जेवलीस का' म्हणालो आणि फोन ठेवला. तू रागावली असशील. उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, आज आहे, पण ते शेवटी. आधी गंमत ऐक.

तू गेल्यावर हा गाढव भुंकायला लागला ते तुला ठाऊकच आहे. मी दार ओढलं की सुरू, परत येईपर्यंत चालू. घसा बसायचा, तरी बसलेल्या घशानं भुंकायचा. कारखान्यात सगळ्यांना विचारून झालं. पॉलिशवाल्यानं सांगितलं, तोंडाला जाळी बांधा. स्प्रिंग बसवणाऱ्यानं सांगितलं, रेडिओ लावून जा, माणसं आहेत असं वाटेल. आमचे मालक म्हणाले की अजून एक कुत्रा आणा, म्हणजे दोघांचं एकमेकांत भागेल. यावर पॉलिशवाला म्हणाला की मग घरमालक महिनाअखेरपर्यंतही थांबणार नाही. जाळी काही माझ्यानं बांधवली नाही. रेडिओ लावून पाहिला, तर खालच्या काकूंनी कळवलं की गाण्यांवर भुंकतो, भाषणांवर भुंकतो, फक्त हवामानाचा अंदाज सांगतात तेवढा वेळ गप्प असतो. तुझ्या खात्याचा मान राखतो म्हण.

काकू म्हणजे त्याच, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. जन्मभर कानाला यंत्र लावून बसलेली बाई, त्यांच्या कानातून काय सुटणार? घरमालकाकडे गाऱ्हाणं नेणाऱ्याही त्याच, हे मला नंतर कळलं. मी त्यांची माफी मागायला गेलो. मला वाटलं दारातूनच वाटेला लावतील. त्यांनी आत बसवलं आणि म्हणाल्या, माझी दोन गाऱ्हाणी आहेत. एक कुत्र्याचं, ते आज सांगते. दुसरं तुमचं, ते तुम्हाला सोसेल तेव्हा सांगेन. मग त्यांनी मला विचारलं की घरातून निघताना मी दाराशी एवढं काय बोलत असतो. आता आपलं निघणं तुला माहीत आहे. तुझी आई गेल्यापासून आपल्या घरात पडलेली रीत. जाणाऱ्यानं मागं राहणाऱ्याला जवळ घ्यायचं, कुठं जातोय, केव्हा येणार ते सांगायचं, वर देवाचं नाव घ्यायचं. तू होतीस तेव्हा तुझ्याशी, तू गेल्यावर ठोंब्याशी. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून मी सगळं समजावायचो, की घाबरू नकोस राजा, मी येणार आहे, लवकर येणार आहे, शहाण्यासारखा राहा. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, रोज सकाळी कुणी माझं तोंड धरून इतकं समजावलं असतं, तर मीसुद्धा भुंकले असते."

मला आधी हसू आलं, मग विचारात पडलो. आणि मग आमच्या गुरुजींची आठवण आली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. शाळेत पहिल्यांदा घातलं तेव्हा मी असाच रडायचो. आई माझे गाल कुरवाळून, डोळे पुसून वर्गात सोडायची आणि ती वळली की मी छप्पर डोक्यावर घ्यायचो. गुरुजींनी तिला सांगितलं, बाई, तुमचं समजावणं बंद करा, आत येऊन बसा. ती माझ्या शेजारी तांदूळ निवडत बसली. मग दारात बसायला लागली. मग ओट्यावर, मग पलीकडच्या झाडाखाली, जिथून पदर तेवढा दिसायचा. एक दिवस मी मान वर केली तर झाडाखाली कुणीच नव्हतं, आणि माझी पाटी अर्धी लिहून झाली होती, म्हणून मी ती पुरी केली. इतकंच. रडायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

मग मी ठोंब्यासाठी शाळा काढली! आधी निरोप बंद. मग किल्ल्या. किल्ल्या वाजल्या की हा उठून थरथरायचा, म्हणून मी घरी असताना केव्हाही किल्ल्या उचलायचो आणि कुठंही न जाता खुर्चीत बसायचो. बूट घालायचो आणि भाजी चिरायचो. एकदा तर बूट घातलेलेच राहिले आणि मी तसाच देवासमोर बसलो. लक्षात आल्यावर देवाला म्हटलं, तुला कारण माहीतच आहे. त्यानं मनावर घेतलं असेल असं वाटत नाही. पहिल्या दिवशी ठोंब्या माझ्यामागं घरभर फिरला. काही दिवसांनी नुसतं डोकं वर करायला लागला. मग एकदा त्यानं एक डोळा उघडला, माझ्या बुटांकडं पाहिलं, मोठा उसासा टाकला आणि झोपला. या माणसाचं काही खरं नाही, असा त्याचा चेहरा होता. मला तेव्हा नाचावंसं वाटलं, पण गुरुजींची शिस्त, म्हणून गप्प राहिलो.

मग दाराबाहेर जाणं. बाहेर जाऊन लगेच आत. जरा थांबून आत. तो भुंकायच्या आधी परतायचं, आणि परतल्यावर कौतुक करायचं नाही, जणू पाणी प्यायला उठलो होतो. हे शेवटचं मला फार जड गेलं. नंतर मी जिन्यात बसायला लागलो. उशांचे अभ्रे आणि सुई घेऊन जायचो, म्हणजे वेळ फुकट जायला नको. वरच्या मजल्यावरचे वकील येता-जाता विचारायचे, किल्ली विसरलात वाटतं? मी हो म्हणायचो. रोज विचारायचे, रोज हो म्हणायचो. शेवटी त्यांनी मला दोरीत ओवलेली जादा किल्ली गळ्यात घालायचा सल्ला दिला. काकू त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि कान वर करून मला बातम्या द्यायच्या. आता दाराशी आला, आता पाणी प्यायला, आता बसला, पण मनातून बसला नाही. मनातून बसला नाही हे त्यांना खालून कसं कळायचं, देव जाणे, पण मिनिटभरात तो भुंकायचाच. गाऱ्हाणं नेणारी बाई माझ्यासाठी चहा करून जिन्यात आणून देऊ लागली. मी जिन्यातून रस्त्यावर गेलो, रस्त्यावरून कोपऱ्यावर, कोपऱ्यावरून बाजारात. एका संध्याकाळी बाजार करून, केस कापून आलो तरी घर शांत. मला वाटलं, जिंकलो.

पण कसलं काय. संध्याकाळी शहाणा, सकाळी पुन्हा तोच तमाशा. तेच घर, तेच दार, तोच मी. निरोप नाही, किल्ल्यांची भीती नाही, सकाळी फिरवून आणून दमवलेला, पुढ्यात चघळायला हाड, आणि तरी मी कामाला निघालो की भुंकणं सुरू. तेही, काकू म्हणाल्या, दाराशी नाही. आत कुठंतरी. आणि आवाज रडका नाही, चिडका. महिना संपत आला होता. घरमालक एकदा येऊन जिन्यातूनच कान देऊन गेला. मी देवासमोर बसून नुसतं बघत राहिलो, मागायला काही सुचेना. त्याच सुमाराला तुझा तो फोन आला, आणि मी तुला जेवलीस का विचारून ठेवून दिला.

आता आजचं. संध्याकाळी मी जिना चढत होतो, चढत कसला होतो, पळत होतो, या वयात. काकू खुर्चीत होत्या. मी धापा टाकत उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या मागं कुणी आहे का ते पाहिलं, आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "आज कुत्र्याला बरोबर नेलं होतंत वाटतं?" भिंगरी, मी तिथंच पायरीवर बसलो. वकील वरून उतरत होते. त्यांनी विचारलं, पुन्हा किल्ली? मी हो म्हणालो, आणि काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. घरमालकाला त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलंय की माझं गाऱ्हाणं मी मागं घेते. ठोंब्या कुठंही जात नाही.

सकाळचं भुंकणं कशानं थांबलं ते राहिलं, आणि खरं तर हे पत्र त्यासाठीच आहे. तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेलो आणि म्हटलं, दुसरं गाऱ्हाणं सांगा, आता सोसेल. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी तुम्ही कुणाला उठवता?" त्यांच्या कानांनी ते रोज ऐकलं होतं. तू गेलीस तरी मी रोज पहाटे तुझ्या खोलीच्या दारावर टकटक करून हाक मारत होतो, की भिंगरी, ऊठ, उजाडलं. सुरुवातीला चुकून. पुढं चुकून नव्हतं. हाक मारली की घर भरल्यासारखं वाटायचं. आणि दर वेळी ठोंब्या शेपटी हलवत माझ्याजवळ यायचा, दाराच्या फटीला नाक लावायचा. मग मी कामाला निघून जायचो आणि तो तिथंच थांबायचा. त्याच्या लेखी तू आत होतीस, झोपलेली, आणि बाबांनी हाक मारूनही उठत नव्हतीस. तो मला बोलावत नव्हता गं. तो दिवसभर तुला उठवत होता. मी अर्धं टाकलेलं काम पुरं करत होता. त्या संध्याकाळी मी तुझी खोली सताड उघडली, खिडक्या उघडल्या, त्याला आत सोडलं. पलंगाखाली, कपाटामागं, सगळीकडं त्यानं हुंगून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, नाहीये रे ती इथं. मोठ्यानं म्हटलं, पहिल्यांदाच. त्याचं निजायचं पोतं आता तुझ्या खिडकीखाली आहे, तिथं सकाळचं ऊन येतं. मी हाक मारणं सोडलं, तसा तो रोज थोडा थोडा कमी भुंकत गेला, आणि आज मुळीच नाही. तर आता उत्तर. परत येऊ नकोस. तू ठोंब्याचं नाव सांगितलंस, पण तू कुणासाठी येणार होतीस ते मला कळतं. आम्ही दोघं ठीक आहोत, खोटं वाटलं तर काकूंना विचार, त्यांना सगळं ऐकू येतं. कायम होण्याच्या कागदावर सही कर आणि हवा मोजायचे तुझे ते फुगे आभाळात सोडत राहा. सुट्टी मिळाली की ये. त्या सकाळी मात्र मी दारावर टकटक करून हाक मारीन, आणि तू आतून ओ दे. नाहीतर पुढचं काम ठोंब्या करेल.

इथं मजेत असलेला, तुझाच
बाबा