ताईचं हिवाळ्याचं चित्र, कापलेल्या तुकड्यासह

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा चित्रांना फ्रेमा करण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. मला राग आहे, भ्रम नाही. डॉक्टरांनी आजच तपासलं आहे.

१. दुकान, लाकूड, काच, सगळी हत्यारं आणि राहती खोली माझ्या दुकानातल्या कारागीर बाईंना द्यावी. बावीस वर्षांत त्यांच्या हातच्या फ्रेमेचा एक कोपरा उघडा पडलेला नाही.

२. हिवाळ्याचं चित्र. हे माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, शेवटच्या आजारपणात मागच्या खोलीच्या खिडकीशी बसून काढलं. आमच्या या थंड डोंगराळ गावातली पानं झडलेली फळझाडं, वाकडं कुंपण, बर्फ. माणूस एकही नाही. रंगाचे आखूड, जाड फटकारे. सावल्या निळ्या, बर्फ कुठे जांभळा, कुठे हिरवट. एक चित्रपारखी पुढे त्याला उत्तर-दृक्प्रत्ययवादी, म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, म्हणाले. ताई एवढंच म्हणायची, "बर्फ पांढरा असतो म्हणणाऱ्याने तो कधी धड बघितलेलाच नाही."

ती गेल्यावर आमच्या थोरल्या भावाने, दादाने, चित्र आपल्या बैठकीत नेलं. सोफ्यावरच्या भिंतीला ते वीतभर लांब झालं. ते घेऊन तो माझ्याकडे आला.

"डावीकडून कापून दे."

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अगं, नुसता बर्फच तर आहे तिकडे!"

मी नाही म्हटलं. त्याने घरी जाऊन स्वतः कापलं.

नऊ वर्षांनी वहिनींनी तो तुकडा मला आणून दिला. कपाटाच्या तळाशी अंथरलेला होता. मागे कोळशाने ताईचं अक्षर: "हे धाकटीला." धाकटी म्हणजे मी. दादा म्हणतो, त्याने ते पाहिलंच नव्हतं. पण कापायची पेन्सिलची रेघ मागच्याच बाजूला आहे, अक्षरांना अगदी चिकटून मारलेली. त्याने वाचलं आणि मग कात्री चालवली.

त्याच दुपारी मी त्याच्या डोळ्यांदेखत चित्र भिंतीवरून उतरवलं. तो मला चोर म्हणत सुटला आहे. खुशाल म्हणो. तुकडा मी नव्या कापडावर जोडून घेतला. ताईचं अक्षर वाचता यावं म्हणून मागच्या कापडाला तेवढीच खिडकी कापून ठेवली आहे.

ताई ज्या शाळेत चित्रकला शिकवायची, तिथे हे चित्र लावावं. ऊन लागू देऊ नये. सांधा दिसतो, त्यावर कोणी रंग फासू नये. देणगीदार म्हणून दादाचं नाव लागलं, तर चित्र त्याच दिवशी परत काढून आणावं.

३. दादाला काहीही नाही. विसरले म्हणून नव्हे. गेल्या महिन्यात तो दुकानात येऊन तासभर बसला. म्हणाला, "तो सोफाही आता राहिला नाही गं." चूक झाली, हे दोन शब्द मात्र त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

४. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. दादाने आरडाओरडा केला तर करू द्यावा.

साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि वहिनी समोर बसले आहेत. मी वहिनींना म्हटलं, "सही केलीत तर घरी बोलणी खावी लागतील."

त्या म्हणाल्या, "तुकडा कपाटात अंथरला, त्याच दिवशी मी ते वाचलं होतं. नऊ वर्षं गप्प बसले. द्या पेन."

हे मला आत्ता कळलं. लिहून ठेवते. साक्षीदार बदलत नाही.

सही : लिहून ठेवणारी, धाकटी
साक्षीदार : १. डॉक्टर (सही) २. वहिनी (सही)
स्थळ : फ्रेमांचं दुकान
दिनांक : ११ जानेवारी २०१९