कॅबिनेटवरचा हार

रामप्रसाद,

तुझ्या बजेटात बसावा म्हणून जुनं ग्राफिक कार्ड पारखून घेतलं आणि गेमिंगचा कॉम्प्युटर मीच असेंबल करून दिला. कळमनुरीच्या कॅफेत खेळायचो तसं आता तुझ्या घरी शेजारी बसून खेळू, असं वाटलं होतं.

पूजेला तुझ्या आईनं, कौशल्यामावशींनी, कॅबिनेटला झेंडूचा हार घातला. तो पंख्याच्या जाळीवर येतोय, हवा अडून मशीन तापेल, हे मी सांगणार होतो. पण तू हेडफोन लावून पुण्याच्या त्या कुणालशी खिदळत होतास. "थांब ना भागवत, मॅच चालू हाय," म्हणालास. मी चहा पिऊन निघालो.

आज तुझा फोन आला. "अबे, गेम लावला की बंदच पडून राहिला. काहून?"

"मावशी हार घालतात का अजून?"

"व्हय, रोज नवा."

"हार काढ," एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "उघडून पाहावं लागंल. येतो."

बसमध्ये बसून हे लिहितोय, पाठवणार नाही. कुणालला पुण्याहून असं येता येणार नाही. आणि आल्या आल्या मी हार काढणार नाही. आधी तुझ्या शेजारी बसेन.

वाटेवरचा,
भागवत