आईला आज शिवायचं

त्रिंबका,

आई चुलीपाशी कोसळली. चार दिवस ती 'काही नाही रे' म्हणत दुखरा गुडघा ऊन तेलाने स्वतःच रगडत होती, आणि ती सोवळ्यात म्हणून आपण दोघे शहाणे भाऊ लांबून बघत होतो. आज उचलताना हात लागला. गुडघा निखारा झालाय, अंगात ताप आहे. वैद्यबुवा म्हणाले, तापलेला सांधा चोळायचा नसतो. चोळून दुखणं विकोपाला गेलंय. जळवा लावणाऱ्याला आणायला मी येरवड्याला पळतोय.

तिला तेल लावू देऊ नकोस. नैवेद्य करायला उठेल, घट्ट धरून ठेव. 'शिवू नकोस' म्हणून ओरडेल, ओरडू दे. विटाळ माझ्या माथी. देव एक दिवस उपाशी राहिला म्हणून मरत नाही.

विसाजी