वेम्ब्लीच्या गवताचा दाखला

बॅल्क्रेग, फाइफ, स्कॉटलंड
१० जुलै १९७७

आदरणीय सिरिलदाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे मन्गोचा, मनापासून नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. बाबांची छाती कोळशाच्या खाणीनं करून ठेवली तशीच आहे, डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलंय, आणि बाबा रोज बाहेर पडतात. ताईच्या पत्रावरून कळलं की तुमच्या पुढच्या अंगणातल्या हिरवळीत, गुलाबांपाशी, वीतभर चौकोनी खड्डा पडलाय, तुम्ही चिचुंद्र्यांसाठी दोन सापळे लावलेत आणि कुत्र्यावरून शेजाऱ्याशी बोलणं टाकलंत. वाचून फार वाईट वाटलं. (चिचुंद्री चौकोनी खड्डा करते हे मला नवीन होतं, पण इंग्लंडात सगळंच आखीव असतं.) त्या हिरवळीवर तुम्ही बूट काढून चालता हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल पुढे लिहीनच.

वेम्ब्लीच्या मैदानावरच्या इंग्लंड-स्कॉटलंड फुटबॉल मॅचबद्दल मी मुद्दाम काही लिहिणार नाही. दोन-एक झाली, कप आमच्याकडे आला, हारजीत चालायचीच. (दोन-एक.) त्या दिवशी सकाळी तुम्ही मला चहा देताना म्हणालात की यंदा तुम्हा स्कॉटिश लोकांचं काही खरं नाही, तेव्हा तुमच्या समंजसपणाचं मला कौतुक वाटलं होतं. सांगायचंय ते मॅचनंतरचं. लढाई संपल्यापासून दर दोन वर्षांची वेम्ब्लीची खेप बाबांनी एकदाही चुकवली नव्हती. यंदा बसच्या पायऱ्याच चढवेनात. मी निघालो तेव्हा ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते. तोंडातला पाइप न काढता म्हणाले, "येताना थोडं गवत आण. कप काय, साहेब लोक कपाटात ठेवतात. गवत आपलं आपल्याला राहतं." एकतीस वर्षं ज्यानं गवतावर लाकडी गोळे घरंगळवायच्या गावच्या क्लबची हिरवळ राखली, लाकडी गोळा तिच्यावरून काचेवरून जावा तसा जाईल अशी राखली, तो माणूस दुसरं काय मागणार?

तर शिट्टी झाली आणि आमचे लोक मैदानात उतरले. तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. ते गोलपोस्ट मोडले त्यात माझा हात नव्हता, मी तेव्हा दुसऱ्या टोकाला गुडघ्यांवर बसून कामात होतो. ताईनं डब्यासोबत केक कापायचा चपटा चमचा दिला होता (तो धुऊन जागेवर ठेवलाय), त्यानं मी पेनल्टीच्या ठिपक्याजवळचा हातभर लांब, मुळासकट, सुरेख तुकडा काढला आणि टोपीत ठेवला. मग तुमच्याकडे बॅग घ्यायला हॅरोच्या गाडीत बसलो. अख्खा डबा आमच्याच लोकांनी भरलेला. माझ्या समोर एक अबर्डीनचा म्हातारा होता, त्याला पायांमुळे मैदानात उतरता आलं नव्हतं. तो माझ्या टोपीकडे असा बघत होता की मी त्याला चिमूटभर गवत दिलं. त्यानं ते रुमालात बांधलं आणि रुमाल खिशात ठेवून खिशावर हात ठेवला. ते पाहून आणखी दोघांनी हात पुढे केले. असो. हॅरो आलं, तुम्ही आणि ताई राणीच्या जुबिलीच्या, म्हणजे रौप्यमहोत्सवाच्या, जेवणाची टेबलं ठरवायला शेजारी गेला होतात, मी बॅग घेतली, चिठ्ठी ठेवली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. बाबांनी घमेलं तयारच ठेवलं होतं. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला, मुळं पाहिली, वास घेतला आणि बोटांनी पाती बाजूला करून पाहिली. मग म्हणाले, "बरं आहे." बाबांच्या तोंडून हे शब्द मी माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले. तेव्हापासून ते घमेल्याशेजारी बसतात, किटलीतलं गार पाणी घालतात, आणि संध्याकाळी कात्रीनं गवत सारखं करतात. मला खूप बरं वाटतं, दाजी, हे सरळच सांगतो.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्या कंबरेला गरम विटेचा शेक द्यावा.

तुमचा,
मन्गो कार्गिल

ता.क. एक बारीकसं काम होतं. क्लबच्या झेंड्याच्या काठीखाली वेम्ब्लीच्या गवताचा एक तुकडा लावायचा ठरलंय, आणि लावणाऱ्याचं नाव पितळी पाटीवर येणार. पण गावात सतरा तुकडे निघाले. सगळे जोडले तर वेम्ब्ली पुरून उरेल. क्लबचे सेक्रेटरी ड्रायस्डेल (बाबांशी त्यांचं वीस वर्षं वाकडं आहे) म्हणतात की त्यांचाच खरा, कारण त्यावर चुन्याची पांढरी रेघ आहे. शेवटी कमिटीनं ठरवलं की ज्याच्याकडे एखाद्या इंग्रजाचा लेखी दाखला असेल त्याचा तुकडा लावायचा, कारण आपलं काय गेलं हे इंग्रज माणूस उगाच लिहून देणार नाही. आमच्या घरात इंग्रज तुम्ही एकटेच. तेव्हा 'एबेनीझर कार्गिल यांच्याकडचा तुकडा वेम्ब्लीचा आहे' एवढं लिहून खाली सही करावी. पाटी लागेपर्यंत बाबांची छाती टिकेल असं डॉक्टर म्हणतात, त्यापुढचं ते बोलत नाहीत.

ता.क. २. सापळे काढा. त्या डब्यात चाळीस माणसं होती आणि प्रत्येकाच्या घरी कुणीतरी म्हातारं होतं. हॅरोला उतरलो तेव्हा टोपीत फक्त माती उरली होती. गावाकडची बस सुटायला वीस मिनिटं होती. मी तुमच्या हिरवळीवर बूट काढूनच गेलो होतो. शेजाऱ्याशी बोलायला लागा, कुत्र्याचा काही दोष नाही.

*

जावईबापू,

पत्र टपालात टाकायला मन्गोनं माझ्याकडे दिलं. किटली चुलीवर होतीच, पाकीट वाफेवर सुटलं. त्या गवतात डेझीचं रोप होतं. फुटबॉलच्या मैदानावर डेझी ठेवणारा माळी अजून जन्माला यायचाय. पहिल्या दिवशीच कळलं. इतके दिवस मला वाटत होतं पोरगा मैदानात उतरायलाच घाबरला. त्यानं वाटून टाकलं हे आज वाचलं.

ड्रायस्डेलचा तुकडा आपल्या क्लबच्याच हिरवळीचा आहे, दक्षिणेकडच्या कोपऱ्यातला. ते गवत मी स्वतः पेरलंय, आणि चुनाही क्लबच्याच डब्यातला आहे. तुमचं निदान इंग्लंडचं तरी आहे. सही करा.

डेझी मी उपटून टाकली आहे, कुणाला कळणार नाही. मन्गोला यातलं काही लिहू नका. मला ते खरं वाटतं असं त्याला वाटतंय, आणि तो रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसतो. आधी येत नसे.

खड्ड्यात वाळू घालून सप्टेंबरात बी टाका. पाणी बेतानं.

एबेनीझर